पश्चिमेच्या गोलातली पुडी

पुडीचे चारही कोपरे शाबूत होते. मलमलीच्या विणीत माती शिरून कापड तांबूस पडलं होतं, लाल दोऱ्याचा पीळ सैल झाला होता, पण शिवण कुठे उसवली नव्हती आणि कोपरे मी शिवले होते तसेच टोकदार राहिले होते. आबासाहेबांच्या टेबलावर, जुन्या वर्तमानपत्राच्या घडीवर ती ठेवली होती. केबिनमधले बाकीचे दोघे लाल दोऱ्याकडे बघत होते. मी कोपऱ्यांकडे बघत होते.

"हात नका लावू मॅडम," साळोखे सर म्हणाले.

"का?"

"नका म्हंजे नका. लांबनं बघा की."

साळोखे सर आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचे कोच. कोल्हापुरात पेठेपेठेतल्या तालमींच्या टीम असतात. त्यातल्या एका तालमीकडून ते उभं तारुण्य खेळले होते आणि त्या काळात मोडलेलं नाक तसंच वाकडं घेऊन आमच्याकडे आले होते. आबासाहेब संस्थेचे अध्यक्ष. मी वनस्पतिशास्त्र शिकवत होते, आणि दुसरं कुणी घेईना म्हणून मैदान समितीचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

"आबासाहेब, ही पुडी माझी आहे," मी म्हणाले.

आबासाहेबांनी मान वर केली.

"तुमची म्हणजे?"

"मी शिवली, मीच पुरली. गणपतीच्या आधी."

आबासाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "खांबेटे मॅडम, डॉक्टरेट केलेल्या बाई तुम्ही. तुम्ही आणि करणी?"

"करणी नाही. आत चहाची पावडर आहे."

आदल्या दिवशी संध्याकाळी आमच्या मैदानावर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा सामना होता. हाफटाइमनंतर बाजू बदलल्या आणि समोरच्या कॉलेजचा गोलकीपर पश्चिमेच्या गोलात आला. गोलकीपरांना एक सवय असते. आपण गोलाच्या मधोमध आहोत हे मागे न बघता कळावं म्हणून ते बुटाच्या टाचेनं जमिनीवर एक रेघ ओढून ठेवतात. त्यानंही ओढली. टाचेबरोबर लाल दोरा वर आला आणि दोऱ्यामागून पुडी. तो मुलगा ओरडत मध्यरेषेपर्यंत पळाला. पुडीवर मी मार्किंगच्या शाईनं 'प ३' लिहिलं होतं, पश्चिमेची तिसरी. त्यांच्या सेंटर फॉरवर्डचं नाव पृथ्वीराज होतं आणि त्याचा पाय पहिल्या हाफमध्ये मुरगळला होता. लोकांना एवढं पुरेसं झालं. व्हॉट्सॲप तेव्हा नुकतंच सगळ्यांच्या हातात आलं होतं. सामना कसाबसा संपून मी घरी पोचेपर्यंत आमच्या शेजारच्या काकूंनी मला त्याचा व्हिडिओ दाखवला.

"चहा," आबासाहेब म्हणाले. "गोलात चहा कशाला पुरला?"

"माती तपासायला. चांगल्या मातीत बारीक जीव असतात, ते कापड खातात, चहा कुजवतात. तीन महिन्यांनी उकरायचं आणि किती कुजलं ते बघायचं. त्यावरून मातीत किती जीव शिल्लक आहे ते कळतं. दोन्ही गोलांत पुरल्यात, मध्यरेषेवर पुरल्यात, कुंपणाजवळच्या कडुनिंबाखालीही पुरल्यात."

"लाल दोरा?"

"मातीत लवकर दिसतो म्हणून."

साळोखे सरांनी कपाळावर हात मारून घेतला. "आवो, मग निळा तरी बांधायचा!"

आबासाहेब हसायला लागले. हसता हसता त्यांचा फोन वाजला. त्यांनी हातानंच आम्हाला गप्प केलं आणि एकदम गंभीर आवाज काढला. "होय. होय, आमच्याच मैदानावर. बघा, प्रकार गंभीर आहे, आम्ही चौकशी नेमतोय. नाही, आत्ताच काही सांगता येणार नाही... काय म्हणालात? नावाजलेली टीम आहे हो आमची. तर! बारकी मुलं जीव तोडून खेळतात." फोन ठेवल्यावर त्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि पुडी नीट निरखली.

"चॅनेलवाले. मॅडम, हे चहाचं कुणाला बोललाय?"

"अजून नाही."

"नका बोलू. चार दिवस थांबा."

"पण आबासाहेब, महत्त्वाचं वेगळंच आहे. ही पुडी कुजायला हवी होती. हिचे कोपरे..."

"चार दिवस, मॅडम," असं म्हणून ते उठले.

बाहेर व्हरांड्यात साळोखे सर माझ्यासाठी थांबले होते. मी त्यांना सांगितलं. तीन महिने ओल्या मातीत राहून मलमलीचं कापड जसंच्या तसं निघतं, याचा अर्थ तिथल्या मातीत काही जगत नाही. वर्षानुवर्षं त्या मैदानावर सभा झाल्या, लग्नांच्या गाड्या लागल्या, त्यावर मुरूम टाकून रोड रोलर फिरवला गेला. गवत का येत नाही हे आता कळलं होतं. पाणीसुद्धा आत जात नव्हतं.

"म्हंजे सोप्या भाषेत?"

"म्हणजे तुमची मुलं फरशीवर उड्या मारतायत."

कोणाचं नाव आमच्या दोघांच्याही मनात होतं ते बोलायची गरज नव्हती. आमचा गोलकीपर सुशांत कातवरे माझ्याच विषयात तिसऱ्या वर्षाला होता. गेल्या मोसमात त्याचा उजवा खांदा एकदा निखळला होता. पुन्हा निखळला तर खेळ विसरायचा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. फेब्रुवारीत राज्याच्या संघाची निवड चाचणी होती. तिथे निवड झाली तर एका बँकेत खेळाडू म्हणून नोकरी पक्की होती. सुशांतच्या घरात नोकरी कुणालाच नव्हती.

"उपाय?" सरांनी विचारलं.

"जमीन उकरून भुसभुशीत करायची, शेणखत घालायचं, गवत लावायचं आणि त्यावर कुणी पाय ठेवायचा नाही."

"किती दिस?"

तेव्हा मी म्हणाले, "काही काळ." अहवालातही मी तेच लिहिलं: मैदानास काही काळ विश्रांती देणे इष्ट. नेमका आकडा मला ठाऊक होता. पण पुढच्याच आठवड्यात संस्थेची बैठक होती आणि तीत मैदानावर पार्किंग आणि फार्मसीची इमारत बांधायचा ठराव येणार होता. फुटबॉल बंद, हे जवळजवळ ठरलेलंच होतं. आमची टीम कुणाच्या खिजगणतीत नव्हती. मैदान आपणच रिकामं ठेवलं असतं तर ते कायमचं गेलं असतं.

"मॅडम, ह्यो सीझन जाऊ दे," साळोखे सर म्हणाले. "येवढा सीझन. मग बघू."

ठराव आलाच नाही. चार दिवसांत मैदानाभोवती माणसं दिसू लागली. आधी नुसती बघायला, मग गोलाच्या मागे उभं राहून फोटो काढायला. पुढच्या सामन्याला कुंपणाच्या भिंतीवरसुद्धा जागा राहिली नाही. आमच्या सामन्यांना तोवर खेळाडूंचे भाऊ आणि एक-दोन भटकी कुत्री एवढाच प्रेक्षक असे. आता हलगी आली, झेंडे आले, वडापावच्या गाड्या लागल्या. कुणीतरी पश्चिमेच्या गोलाच्या आडव्या बारला लिंबू-मिरच्यांची माळ बांधली. ती मी सोडवली, दुसऱ्या दिवशी नवीन होती.

गेटवर मला एकदा एका पेठेतल्या पोरांनी अडवलं.

"मॅडम, खरं सांगा, त्या गोलात गोल हुत न्हाई न्हवं?"

"कमी होतात. संध्याकाळी सूर्य त्या गोलाच्या मागे असतो. मारणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन येतं."

"आणि पुडी?"

"हाफटाइमला बाजू बदलतात ना? मग निम्मा वेळ त्या गोलात समोरचा गोलकीपर असतो. पुडीचा फायदा त्यालाच झाला असता."

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. मला वाटलं, पटलं. मग त्यातला एक अगदी शांतपणे म्हणाला, "मॅडम, पुडी मानूस वळखती."

आठवडाभरानं मी आबासाहेबांना न विचारता एका वार्ताहराला सगळं सांगितलं. चहा, मलमल, मातीतले जीव, पाऊण तास. त्यानं मान हलवत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी बातमी आली: 'पुडीत चहाच का? प्राध्यापिकेचं गूढ उत्तर'. खाली माझा कॉलेजच्या गॅदरिंगमधला फोटो होता, त्यात मी नेमकी लाल साडी नेसलेली.

आबासाहेब रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी मला बोलावून पेढा दिला.

"मॅडम, तुम्ही नाही म्हणता आणि लोक चौपट येतात. अशाच बोलत राहा. बंगळुरूची एक टीम इथं येऊन खेळायचं म्हणतेय. पहिल्या वर्षाचे अर्ज बघितलेत? फुटबॉल आहे म्हणून येतायत पोरं. आमच्या उभ्या आयुष्यात या मैदानाकडं कुणी ढुंकून बघितलं नव्हतं."

"मातीचा अहवाल वाचलात का?"

"वाचतो की. हे मेवेकरी शेठ. यांना भेटा."

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून एक गोरेपान, घामेजलेले गृहस्थ उठले. त्यांचा सोनकळी चहा तेव्हा जिल्ह्यातल्या प्रत्येक टपरीवर होता. त्यांनी मला वाकून नमस्कार केला. "ताई, चहाला असा मान कुणी दिला न्हवता. टीमचा सगळा खर्च आमचा. बूट, कपडे, प्रवास, पोरांची अंडी-केळी, समदं. फक्त पुडी आमची म्हणायची."

"त्या पुडीत तुमचा चहा नव्हता."

"आता हाय म्हणायचं, ताई. त्यात काय एवढं?"

डिसेंबर सरला. सत्र परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे माझ्या टेबलावर होते. कॉलेजात शिरल्यापासून निघेपर्यंत दहा जणांना तीच उत्तरं द्यायची. शेवटी मी नुसतं हसायला शिकले. मुलांना बऱ्याच वर्षांनी नवे बूट मिळाले होते. साळोखे सरांच्या कंत्राटाचा कागद पहिल्यांदाच वेळेवर निघाला होता. मैदानावर आता रोज सामने होत होते, वर भेट द्यायला येणारी माणसं. माती दिवसेंदिवस आणखी दबत होती. मी सळई घेऊन बघायला जायची, ती बोटभरही आत जात नसे.

जानेवारीत एका दुपारी सुशांत प्रयोगशाळेत आला. प्रॅक्टिकल संपलं होतं, मुलं गेली होती. तो सूक्ष्मदर्शकांवर कापडी खोळी चढवायला लागला, न सांगताच. डाव्या हातानं.

"उजवा हात का वापरत नाहीस?"

"वापरतो की."

"वर कर बघू."

त्यानं केला. खांद्याच्या रेषेपर्यंत आला आणि थांबला.

"कधीपासून?"

"पडलो की झोपतोय हात, मॅडम. मुंग्या येतात. मग जातात परत."

"साळोखे सरांना सांगितलंस?"

"त्यास्नी दिसतंय की. पर काय करणार? सात मॅचमध्ये पश्चिमेच्या गोलात एक गोल झालेला नाही. लोक पैसे देऊन बघायला येतात ते तिथला गोल बघायला. मी बाकावर बसलो तर?" त्यानं शेवटची खोळ ताणून बसवली. "एक गंमत बघा मॅडम. गोल अडला तर पुडीनं अडवला. त्या दिवशी पूर्वेच्या गोलात एक गेला, तो मात्र मी सोडला. निवड करणारे आले की ते पण तेच विचारणार."

मी कपाट उघडून दोन काचेच्या डब्या काढल्या आणि त्याच्यापुढे ठेवल्या. एकीत पश्चिमेच्या गोलातली एक पुडी होती, कोपरे टोकदार. दुसरीत कडुनिंबाखालची. दुसरीत पुडी अशी राहिलीच नव्हती. काळपट जाळीचे धागे, गाठ आणि चिमूटभर काळी माती, एवढंच होतं.

"पुरताना तू होतास माझ्याबरोबर. सांग, चांगली कुठली?"

"ही." त्यानं जाळीकडे बोट दाखवलं. "ही कुजली. माती जिती हाय."

"आणि ही?"

तो टोकदार पुडीकडे बघत राहिला. माझा विद्यार्थी होता तो. सगळं त्याला माहीत होतं. पुरायचे खड्डे त्यानंच खणले होते, आणि खणताना त्याच्या हाताला फोड आला होता.

"मॅडम," तो अगदी हळू म्हणाला, "ही मला द्याल? मोज्यात ठेवतो. मला माहीत आहे काय आहे ते. तरी पण."

मी त्याला काय सांगायला हवं होतं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. मी डबी त्याच्याकडे सरकवली.

त्याच दिवशी मी मैदानावर जाऊन साळोखे सरांना गाठलं. ते पूर्वेच्या गोलाजवळ विटेवर बसून बुटाची लेस बांधत होते. आताशा त्यांना गुडघे धरून उठावं लागे.

"सर, सुशांतला खेळवू नका."

"फायनल हाय, मॅडम."

"खांदा निखळेल त्याचा."

"मला दिसत न्हाई व्हय?" ते एकदम चिडले, आणि लगेच आवाज उतरला. "तीस वर्सं झाली मला हितं. तीस वर्सं बॉल शिवून शिवून खेळवलं पोरांस्नी. आत्ता कुठं लोक नाव घ्यायला लागलेत. तुम्ही सांगा, बंद करू? किती दिस बंद करू? आकडा सांगा, मी जाऊन आबासाहेबांस्नी सांगतो."

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला सोनकळी चहाचा नवा फलक चढवत होते. त्यावर लिहिलं होतं, 'इथं गोल होत नाही'. आकडा माझ्या ओठांवर होता. तो सांगितला असता तर या माणसानं खरंच जाऊन सांगितलं असतं, आणि त्याच दिवशी त्याचं सगळं संपलं असतं.

"तुम्ही ठरवा, सर," मी म्हणाले.

"ठरलं मग. फायनल झाल्यावर."

फायनल आम्ही जिंकलो. सुशांतनं दोनदा झेप घेतली आणि दोन्ही वेळा डाव्या अंगावर पडायची त्याची धडपड मला कुंपणावरून दिसली. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं नाही. ते पळत जाऊन पश्चिमेच्या गोलातली माती उचलून कपाळाला लावत होते.

पुढच्या रविवारी सकाळी मैदानावर सत्कार होता. मांडव, हलगी, सगळ्यांना फेटे. मेवेकरी शेठ स्वतः कागदी कपातून चहा वाटत फिरत होते. आबासाहेबांनी नव्या प्रेक्षक गॅलरीसाठी नारळ फोडला आणि जाहीर केलं की आता इथं बारा महिने फुटबॉल चालेल. टाळ्या वाजल्या. मग त्यांनी माइक हातात घेतला.

"आणि ज्यांच्यामुळं आज आपली टीम महाराष्ट्रात गाजतेय, त्या आमच्या खांबेटे मॅडम! मॅडम, आज पुडीचं गुपित सांगाच."

मला फेटा बांधला होता, तो घट्ट होता. माइक हातात आला. मी ठरवून आले होते. शक्य तितकं सोपं बोलायचं.

"मी सारख्याच पुड्या चार ठिकाणी पुरल्या," मी म्हणाले. "कडुनिंबाखालच्या पुड्या कुजून गेल्या. पश्चिमेच्या गोलातल्या पुड्या अजिबात कुजल्या नाहीत..."

पुढचं वाक्य 'कारण'पासून सुरू होणार होतं. त्याआधीच शिट्ट्या सुरू झाल्या, हलगी कडाडली आणि कुणीतरी भंडारा उधळला. मेवेकरी शेठनी हसत माझ्या हातातून माइक घेतला. "ऐकलंसा? मातीत घाला न्हाई तर डब्यात घाला, सोनकळी चहा खराब हुत न्हाई!"

मी माझ्या खुर्चीवर येऊन बसले. शेजारी साळोखे सर होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"आता शेवटचा कार्यक्रम," आबासाहेब म्हणाले. "पश्चिमेच्या गोलात गोल होत नाही म्हणतात. बघू, अध्यक्षाचा तरी होतोय का! सुशांत, ये बाळा."

सुशांत सत्काराची शाल खुर्चीवर ठेवून गोलात जाऊन उभा राहिला. सवयीनं टाचेनं रेघ ओढायला गेला. जमिनीवर नुसता पांढुरका ओरखडा उठला. आबासाहेबांनी धोतराचा सोगा वर खोचला, फेटा सावरला आणि चेंडू लाथाडला. चेंडू संथपणे सुशांतच्या उजवीकडे गेला. सुशांतनं जागचं न हलता पाय पुढे केला आणि तो अडवला.

"असं न्हाई रं!" फोटोग्राफर ओरडला. "उडी मार! पेपरात यायचंय!"

"मार की लेका, झोकात!" आबासाहेब हसत म्हणाले.

दुसऱ्यांदा चेंडू जरा वर गेला, पुन्हा उजवीकडेच. सुशांतनं झेप घेतली. चेंडू त्याच्या हाताला लागून बाहेर गेला आणि तो उजव्या अंगावर पडला. तो आवाज मांडवापर्यंत आला. पोतं पडल्यासारखा. त्याच धक्क्यानं त्याच्या मोज्यातून काहीतरी घसरून गोलाच्या तोंडाशी पडलं. लाल दोरा उन्हात चमकला.

"पुडी! पुडी!" सगळं मैदान उठलं. माणसं खुर्च्यांवर चढून पुडीकडे बोटं करत होती. फोटोग्राफर धावत गेला, गुडघ्यांवर बसला आणि पुडीचा फोटो काढू लागला. त्याच्या मागे दोन हात अंतरावर सुशांत पडून होता. डाव्या हातानं उजवा खांदा धरून तो उठायला बघत होता, आणि चेहऱ्यावर हसू आणायला.

"फोटो नीट नाही आला," फोटोग्राफर मागे वळून म्हणाला. "पुडी दिसाय पायजे, पोरगं हवेत पायजे. अजून एक घ्या आबासाहेब."

आबासाहेबांनी चेंडू पुन्हा ठेवला.

साळोखे सर माझ्या शेजारून केव्हा उठले ते मला कळलं नाही. ते चालत गेले. पळाले नाहीत. त्यांनी चेंडू उचलला आणि काखेत धरला.

"सुशांत, बाहेर ये."

"सर, एकच राहिलाय..."

"बाहेर ये म्हणतोय न्हवं मी!"

तो आला. हात लोंबत होता. सरांनी आपला फेटा सोडला, त्याची झोळी केली आणि भर मैदानात त्याचा हात तिच्यात अडकवला. हलगी थांबली.

"साळोखे, हे काय?" आबासाहेब म्हणाले. "फोटो राहिलाय."

"ग्राउंड बंद."

"काय?"

"बंद म्हंजे बंद. मॅच न्हाई, प्रॅक्टिस न्हाई, सभा न्हाई, गाड्या न्हाईत."

आबासाहेब त्यांच्या अगदी जवळ गेले. मी तोवर तिथे पोचले होते, म्हणून मला ऐकू आलं. "शुद्धीवर आहात का? आत्ता नारळ फोडलाय मी. शेठ बघतायत. मैदान बंद केलं तर उद्या टीमला कोण विचारणार? टीम संपली. आणि टीम नाही तर कोच कशाला?"

"व्हय," सर म्हणाले. "दिसतंय मला."

त्यांच्या मोकळ्या डोक्यावर ऊन होतं. ते सुशांतकडे बघत होते, मग त्यांनी गोलाकडे बघितलं. पुडी तिथेच पडली होती. चार पावलं जाऊन त्यांनी वाकून ती उचलली. पहिल्यांदाच तिला त्यांनी हात लावला. अंगठ्यानं एक एक कोपरा चाचपला आणि परत येऊन ती माझ्या हातात दिली.

"मॅडम," ते म्हणाले, "किती दिस?"

आबासाहेब माझ्याकडे वळले. मेवेकरी शेठ हातात किटली घेऊन उभे होते. समोर सगळा मांडव शांत होता. माइक माझ्यापासून लांब होता, म्हणून मी शक्य तेवढ्या मोठ्यानं म्हणाले,

"एक वर्ष. आजपासून."